जलचिन्ह

जेलरोडच्या प्रेसमध्ये एकवीस वर्षं
मी नोटा उजेडाकडे धरतोय.
कोरी दिसणारी जागा कोरी नसते,
एवढंच मला येतं.
तरी जन्माच्या फॉर्मवरची ती एक चौकट
मला वाचता आली नाही.
मुलगा की मुलगी.
नर्सने पेन टेकवलं, उचललं,
टोपण लावून खिशात ठेवलं.

शेजारी विचारायचे, काय झालं?
कुंदा म्हणायची, बाळ झालं.

आठव्या दिवशी बाळ दूध टाकायला लागलं.
आत्याने मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या,
तीनदा उतरवल्या, तव्यावर टाकल्या.
तडतडल्या. दृष्टच होती, म्हणाली.
आज वाटतं, मूठ बरोबर होती,
मीठ फक्त बाहेरून फिरलं.

द्वारकेला डॉक्टर गायधनींनी दुपटं उघडलं,
बराच वेळ पाहिलं, पुन्हा नीट गुंडाळलं.
याच्या आधी?
एक मुलगा. सतराव्या दिवशी गेला.
दाखल्यावर जुलाब-उलट्या लिहिलंय.
तुम्ही दोघं नात्यातले?
मामाची मुलगी, मी म्हणालो,
आणि पहिल्यांदाच ते सांगताना
माझा आवाज खाली गेला.

रक्त घेतलं. औषधाआधी लघवी हवी, म्हणाल्या, पण फार थांबायचं नाही.
शबनम तांबोळीने नखाएवढ्या जागेवर
पिशवी चिकटवली, निसटली, पुन्हा चिकटवली.
कुंदा कानाशी शूऽऽ शूऽऽ करत राहिली,
मी बेसिनचा नळ बारीक सोडून उभा.
पावणेतीनला बारा मिलिलिटर.
शबनमने ती अत्तरासारखी बाटलीत ओतली,
वर लिहिलं : बेबी ऑफ कुंदा,
बर्फात ठेवून थर्माकोलची पेटी बंद केली.
मग सलाइन, मग पहिली मात्रा.

नवव्या दिवशी कागद आला.
खाली सपाट रेघ, वर सुया-सुयांसारखी टोकं,
प्रत्येकाला एक लांबलचक नाव.
मी सवयीने तो खिडकीकडे धरला.
डॉक्टर हसल्या नाहीत.
मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते, म्हणाल्या,
तिथलं एक यंत्र बंद आहे.
मला कळलं. एक मशीन अडलं
तरी मागून कागद येतच राहतो,
साचतो, भलत्याच पट्ट्यावर पडतो.
त्या सांडलेल्याचा हिशेब लघवीत उतरतो.
हे टोक बघा : प्रेग्नेनट्रायोलोन.
निरोगी बाळात इथे जवळजवळ काही नसतं.

कुणाच्या घराण्यातून आलं, मामींनी विचारलं.
दोन्हीकडून.
आम्हा दोघांत एकेक प्लेट चुकीची,
जोडीला एकेक बरोबर,
म्हणून चाललो बाजारात आयुष्यभर,
कुणी उजेडाकडे धरलं नाही.

मुलगी आहे, गर्भाशय आहे, सगळं आत जागच्या जागी.
शरीर तेवढं मिठाला जागत नाही,
आपण जागायचं.
मी नर्सकडून पेन मागून घेतलं.

नाव कुंदाने ठेवलं, लावण्या.
शब्दकोश काढून पाहिला, तर त्यात लवण निघालं.
तिला माहीत नव्हतं, आवडलं म्हणून ठेवलं होतं.

आता घरात तीन पाळ्या :
सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.
गोळीची भुकटी, चमच्यात पाणी,
आणि तोलून घेतलेलं मीठ.
ताप आला की दुप्पट मात्रा,
हे फ्रिजवर लाल शाईने, माझ्या अक्षरात.

कधी रात्रीची मात्रा देऊन
मी गॅलरीत उभा राहतो.
देवळालीगावच्या जुन्या खोलीत
त्याची लंगोटी तारेवर वाळत असायची,
रोज दहा, बारा.
सगळं त्यांच्यात लिहिलेलं होतं.
आम्ही ती नळाखाली
स्वच्छ धुवायचो.